दोरावर शाबीचा हात

लवू कोयंडे एकाहत्तराव्या वर्षी उमेदवार झाला. निवडणूक कसलीच नव्हती. 'दर्यागड' नावाच्या खेळात 'उपाशी कासवं' नावाची एक टोळी होती, आणि त्या टोळीत शिरायचं तर नवख्याला आधी तीन स्वाऱ्या उमेदवारीच्या काढाव्या लागत. खेळातली पोरं टोळीला गिल्ड म्हणत आणि स्वारीला रेड. लवूने हे दोन्ही शब्द भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला लिहून ठेवले होते, कारण नवे शब्द त्याच्या डोक्यात सकाळपर्यंतही टिकत नसत.

या खेळात त्याला ढकललं ते त्याच्या उजव्या हाताने. आदल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, पण उजवा हात चहाचा कपसुद्धा उचलेना. मालवणच्या फिजिओथेरपीच्या बाईंनी त्याला एक चष्मा आणि दोन्ही हातांच्या कोपराखाली बांधायचे दोन पट्टे दिले आणि रोज तासभर खेळा म्हणून सांगितलं. लवूला आधी ती थट्टाच वाटली.

पट्ट्याचं काम तसं सरळ होतं. हात हलवायचं मनात आलं की मेंदूतून विजेचे बारीक ठोके निघतात आणि मज्जातंतूंमधून स्नायूंपर्यंत जातात. लवूचे ठोके निघत होते, पोचतही होते, पण इतके क्षीण की हात जागचा हलत नव्हता. पट्टा ते ठोके कातडीवरून टिपायचा आणि खेळातला हात पुऱ्या जोराने हलवायचा. शिवाय खेळात जे ओढाल त्याचं वजन तो आवळून, सैल होऊन हाताला कळवायचा. डोळ्यांना हात हललेला दिसला, हाताला वजन लागलं, की मेंदूची खात्री पटते की वाट अजून मोकळी आहे, आणि तो खरोखरच नवी वाट शोधू लागतो. व्यायाम म्हणून कुणी रोज शंभर वेळा हात हलवत नाही, बाई म्हणाल्या होत्या, पण खेळात हजार वेळा हलवतो आणि वर कुरकुरही करत नाही.

तसंच झालं. दोन महिन्यांत लवूने कप उचलला. आणि एकट्याने भटकण्याचा कंटाळा आला तेव्हा त्याने या गिल्डची जाहिरात वाचली: 'दोर ओढणारा माणूस हवा.' ती ओळ त्याने दोनदा वाचली. आयुष्यभर त्याने दुसरं केलं काय होतं?

आडवेळच्या पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, लवूची रापण होती. होडीने जाळं अर्धगोल टाकून यायचं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन रांगांनी ते जाळं ओढून घ्यायचं, ही रापण. चाळीस माणसं दोरावर असायची आणि त्यांचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, होता लवू. पहाटे पुळणीवरून त्याने हाक मारली की घराघरांतून माणसं डोळे चोळत धावत यायची. काथ्याच्या दोराचा ओला वास, घोट्यापर्यंतचं गार पाणी, आणि जाळं जवळ आलं की तारली मासळीचा तो पत्र्यावर वाळू पडल्यासारखा आवाज. बायका टोपल्या घेऊन उभ्या असायच्या आणि कुणाच्या नवऱ्याने ओढताना किती दात विचकले यावर हसायच्या. पुढे मोठी यांत्रिक जहाजं आली, किनाऱ्याजवळ मासळी येईनाशी झाली, आणि अकरा वर्षांपूर्वी रापण कायमची गुंडाळली. त्यानंतर पुळणीवर लवूने कुणाला हाक मारली नाही.

गिल्डची म्होरकी होती रेहाना मुजावर. सांगलीच्या एका दवाखान्यात ती डायलिसिसचं यंत्र सांभाळायची आणि तिच्या पाळ्यांमुळे रेड नेहमी रविवारी दुपारी चारला असायची. खेळात तिचं नाव होतं वादळ. नांदेडचा प्रज्योत स्वतःला काळदंड म्हणवायचा. बुलढाण्याचे दोन जुळे भाऊ होते, ते फक्त आपसात बोलत. लवूला नाव विचारलं तेव्हा त्याने लवू असं सांगितलं. पुढे काय, असं प्रज्योतने विचारलं. लवू कोयंडे, तो म्हणाला. सगळे खूप हसले आणि त्या दिवसापासून सगळ्यांनी त्याला काका केलं. प्रज्योतने मात्र आजोबा.

काम असं होतं. ओहोटीला बुडालेल्या गडाचा दरवाजा पाण्याबाहेर यायचा. भरती परतेपर्यंत अठरा मिनिटं मिळायची. तेवढ्यात दोराने तो दरवाजा ओढून उघडायचा. सात जणांनी दगडी खेकड्यांना अंगावर घ्यायचं आणि पाच जणांनी दोर धरायचा. गंमत अशी की खेळ प्रत्येकाचा जोर नुसता मोजत नव्हता. पाचांचे ठोके एका क्षणी पडले तर पाचांना पंधरांचं बळ यायचं, मागेपुढे झाले तर दोघांचंही नाही. उपाशी कासवांनी अकरा महिन्यांत तो दरवाजा एकदाही उघडला नव्हता.

दोरावर रेहाना, प्रज्योत, जुळे भाऊ, आणि पाचवा माणूस नव्हताच. माणसं कमी पडली की खेळ एक यंत्रातला सोबती द्यायचा. त्याला जोडीदार म्हणत. चेहरा नाही, बोलणं नाही, डोक्यावर गवती टोपी. उमेदवार म्हणून लवू सहावा. त्याला जागा मिळाली जोडीदाराच्या पुढची.

पहिल्या रविवारी रेहानाने इशारा केला, लवूने दोर धरला आणि मागून पहिली ओढ आली.



ओढ आली ती सगळ्यांच्या अर्धा क्षण मागून. आधी एक छोटा हिसका, मग थांबून मोठी, लांब, खांदा चोरून घेतलेली ओढ. पट्टा हातावर आवळला आणि सैल झाला, आवळला आणि सैल झाला, आणि लवू सांगलीच्या वादळाला आणि नांदेडच्या काळदंडाला विसरून गेला. ही ओढ तो बावीस वर्षं पाठीशी घेऊन उभा होता. ही शाबी मेस्तची ओढ होती. आणि शाबीला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

शाबीचा खांदा अधू झाला तो लवूमुळे. त्या पावसाळ्याच्या तोंडाला जाळं खडकात अडकलं होतं आणि लाट भलतीच आली होती. दोर सोडा म्हणायचं काम तांडेलाचं. लवूला वाटलं, जाळं वाचेल. तो थोडा थांबला. तेवढ्यात शाबीचा खांदा जागचा निखळला. गावच्या वैदूने बसवला, पण नीट बसला नाही. पुढे शाबी दोरावर उभा राहिला की आधी खांदा चाचपून बघायचा आणि मग ओढायचा. लवूने त्याला आपल्या मागे घेतलं आणि दर ओढीला त्याच्यासाठी अर्धा क्षण थांबू लागला. तांडेल थांबला म्हणून सगळी रापण थांबू लागली. यावर दोघं कधीच बोलले नाहीत. बोलण्यासारखं काय होतं त्यात?

आताही लवूचा हात आपोआप थांबला. पुढचे चौघे ओढून मोकळे झाल्यावर लवूची आणि शाबीची ओढ बरोबरच आली. दरवाजा वीतभर हलला आणि भरती आली.

"आजोबा, झोपला होता का?" प्रज्योतने विचारलं.

 दुसऱ्या रविवारी लवूने ठरवून पाहिलं की थांबायचं नाही. मन म्हणायचं ओढ, आणि हात मागच्याची वाट बघायचा. त्या दिवशी दरवाजा वीतभरही हलला नाही. प्रज्योतचं म्हणणं पडलं की म्हातारा माणूस आहे, वाईट वाटून घेऊ नये, पण जमणार नाही. जुळ्या भावांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि तेच म्हटलं.

रेहानाने मात्र सगळ्यांच्या ठोक्यांचे आलेख काढले. मशीनवर बसणाऱ्या माणसाच्या नाडीकडे रोज पाहणारी ती, तिला रेषा वाचता यायच्या. सोमवारी तिने लवूला एकट्याला फोन केला.

"काका, तुम्ही उशीर करत नाही," ती म्हणाली. "तुम्ही जोडीदाराच्या बरोबर ओढता. शंभर ओढींत शंभर वेळा. तुम्हाला कसं कळतं तो कधी ओढणार ते?"

लवूने सांगितलं. सांगायला वेळ लागला, कारण शाबीचं नाव कित्येक दिवसांत तोंडातून निघालं नव्हतं.  मग रेहानाने दोन दिवस शोधाशोध केली आणि पुन्हा फोन करून सांगितलं ते असं. बऱ्याच वर्षांपूर्वी कृत्रिम हात बनवणाऱ्या काही संशोधकांनी श्रमाच्या कामांतल्या माणसांचे ठोके नोंदवून ठेवले होते. लवूलाही आता आठवलं, एकदा काही मुलंमुली पुळणीवर आली होती, सगळ्यांच्या हातांना पट्टे बांधून गेली होती आणि बदल्यात सगळ्यांनी त्यांना भरपूर बांगडे खिलवले होते. त्या नोंदी पुढे सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. खेळ बनवणाऱ्यांनी आधी त्यांची सरासरी काढून जोडीदार केला होता, पण सरासरीचा हात दोरावर मेलेला लागायचा. म्हणून त्यांनी एकेका माणसाच्या नोंदीवरून एकेक जोडीदार घडवला. कोणता स्नायू आधी, कोणता मागून, मध्ये किती वेळ, ही ज्याची त्याची चाल. ती चालण्यासारखीच असते, अंधारातही ओळखू येते. कोणता हात कुणाचा याची नोंद मात्र नव्हती. कासवांच्या जोडीदाराच्या हाताला नुसता क्रमांक होता, तेवीस.

"आता खरी अडचण सांगते," रेहाना म्हणाली. गिल्डमध्ये बाराच जागा. जोडीदार धरून बारा भरलेल्या. लवू आत आला तर जोडीदार बाहेर. आणि खेळाची नवी आवृत्ती येत होती, तिच्यात नवे जोडीदार मिळणारच नव्हते. ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडे राहतील, एकदा सोडला की गेला. तेवीस नंबरचा एकच उरला होता, तो कासवांकडे. लवू नको म्हणाला तर तोच राहील, पण मग लवू बाहेर. दोघं एका दोरावर फक्त उमेदवारीपुरते. तीन रेडपैकी दोन झाल्या होत्या.

"तो नसला तर तुम्ही वेळेवर ओढाल, आणि आपला दरवाजा उघडेल. पण त्याला काढा असं मी तुम्हाला म्हणणार नाही. तुम्ही सांगाल तसं."

लवूने रविवारपर्यंत वेळ मागितला. तोवर तो पुळणीवर नुसता चालत राहिला. आत जावं, तर शाबीला दोरावरून त्यानेच हाकललं असं होणार. बाहेर राहावं, तर हात पुन्हा मांडीवर पडून राहणार, रविवारी दुपारी चार वाजता कुणी त्याला काका म्हणणार नाही, आणि शाबी परक्या पोरांत ओढत राहणार. पोरं त्याला टोपीवाला म्हणायची. एकदा वाटलं, तिसरी रेड तरी मन भरून शाबीबरोबर ओढावी. तेवढं तरी आपल्या वाट्याचं. आणि तेव्हाच त्याला आठवलं की यात त्याच्याआधी कुणाचा तरी हक्क होता.

अनसूया मेस्त, शाबीची बायको, खाडीपलीकडे लेकीकडे राहायची. लवू रविवारी दुपारी पट्टे आणि चष्मा पिशवीत घालून गेला. ती पडवीत कोकमाची सोलं वाळत घालत होती. त्याने सगळं सांगितलं आणि ती हातातलं सोल तसंच धरून ऐकत राहिली. मग म्हणाली की झटका भावजींच्या हातावर आला असं ऐकलं होतं, डोक्यावरही आला हे ठाऊक नव्हतं. पण हात पुसून आली आणि बसली.

लवूने रेहानाला फोन लावून आपल्या जागी अनसूयेला दोरावर घ्यायची परवानगी मागितली. ही रेड हरणार, तीही त्याच्या उमेदवारीतली शेवटची, आणि गिल्डचा रविवार वाया, हे त्याने आधीच सांगून टाकलं. रेहाना म्हणाली, थांबा, विचारते. तिकडे बराच वेळ बोलणं चाललं. मग प्रज्योतचा आवाज आला.

"आजींना सांगा, सावकाश. खेकडे आम्ही बघून घेतो."

अनसूयेने चष्मा घातला नाही. काही दिसायला नको म्हणाली, डोळे मिटले. लवूने तिच्या बारीक, सुरकुतलेल्या हातांना पट्टे बांधले. दोर ओढायचं काम तिने कधी केलं नव्हतं, पण ओढणाऱ्यांकडे बघत अर्धं आयुष्य काढलं होतं. रेहानाने चौघांना सांगितलं की आज घाई नाही, आज सगळ्यांनी शेवटच्या माणसाच्या चालीने ओढायचं.

आधी काहीच नाही. मग अनसूयेच्या कपाळावर आठी आली. मग आठी गेली आणि तिचे ओठ मिटले.  लवू समोर हात रिकामे घेऊन बसला होता. बाजूला ठेवलेल्या चष्म्यातून सात जणांचा आरडाओरडा येत होता, खेकड्यांच्या नांग्या दगडावर आपटत होत्या, आणि त्यातून रेहानाचा शांत आवाज येत होता, थांबा, थांबा, आता. खूप दिवसांनी एका दोरावरची माणसं शाबीसाठी थांबत होती.

दहाबारा ओढी झाल्या. अनसूयेने डोळे उघडले नाहीत.

"भावजी," ती म्हणाली, "खांदो अजून दुखता तेंचो."

लवू तिच्या हातावरच्या पट्ट्यांकडे बघत राहिला.

"घरी इले की रात्रभर शेकूचो लागायचो. तुमका म्हणून कधी सांगूक नाय." तिने आणखी दोन ओढी घेतल्या, जणू कुणाचा हात हातात धरून उठवत होती. "किती वर्सां वढतले ते? सोडा तेंका आता."

तिने स्वतःच पट्टे सोडले. उजव्या पट्ट्याची कळ तिला जमेना, ती लवूने सोडवली. दोघांनी पट्टे नीट गुंडाळून पिशवीत ठेवले. लेकीने चहा आणला. अनसूयेने विचारलं की बोलत होती ती पोरगी कुठली. सांगलीची, लवू म्हणाला. आवाज चांगला आहे म्हणाली, आणि सोलं उलटी करायला उठली.

शेवटच्या माणसाची चाल चौघांना अंदाजाने धरावी लागली होती, त्यामुळे ठोके जुळले नव्हते आणि दरवाजा त्या दिवशी हललाच नव्हता. भरतीत बाराही जण बुडाले होते. संध्याकाळी लवूने घरी येऊन चष्मा घातला. पडद्यावर ओळ होती: 'जोडीदार तेवीस मुक्त होईल. सदस्यत्व स्वीकारता?' त्याने डाव्या हाताचं बोट टेकवायला नेलं, मग थांबला आणि उजवा हात उचलला. तो कापत कापत पोचायला वेळ लागला. पण पोचला.

पुढच्या रविवारी तो सभासद म्हणून दोरावर उभा राहिला, रांगेत सगळ्यात मागे. पहिल्या ओढीला त्याचा हात थांबला. मागून काही आलं नाही. दोर त्याच्या हातातून पुढे सरकून गेला.  दुसऱ्या ओढीलाही तेच. तिसऱ्या ओढीला लवूने दात दाबले आणि रेहानाच्या शब्दाबरोबर ओढलं, आणि पाचांचे ठोके एका क्षणी पडले. दरवाजा हातभर सरकला. जुळे भाऊ एकदम ओरडले. चौथी, पाचवी, दहावी. लवूचा हात आता वेळेवर होता आणि प्रत्येक वेळेवरच्या ओढीला त्याला आत कुठेतरी काहीतरी सुटल्यासारखं होत होतं. तरी त्याने ओढ चुकवली नाही.

सोळाव्या मिनिटाला दरवाजा उघडला. सात जण हत्यारं टाकून आत धावले, त्यांच्यामागे जुळे. आत सोनं होतं, तलवारी होत्या, अकरा महिने ज्याची स्वप्नं पाहिली ते सगळं होतं. प्रज्योत एक तलवार उचलून दारातून परत आला. आजोबा कुठे राहिले म्हणून बघायला आला असावा.

लवू वाळूत वाकला होता. ओढून घेतलेला दोर मागे वेडावाकडा पसरला होता आणि तो उजव्या हाताने त्याची एकावर एक वेटोळी घालत होता. हळू हळू, पण गोल आणि सारखी.

"काका, ते गुंडाळावं लागत नाही," रेहानाने हाक मारली. "इथं ते आपोआप नाहीसं होतं. चला आत."

"असाच टाकला तर मागच्याच्या पायात येतो."

"मागे कोणी नाहीये," प्रज्योत म्हणाला.

लवूने पुढचं वेटोळं घातलं, तळहाताने दाबून बसवलं आणि सरळ झाला.

"येतलो कोणतरी," तो म्हणाला.

 प्रज्योतने तलवार वाळूत खोचली आणि दोराचं दुसरं टोक उचललं.